पळसरंगी बाप्तिस्मा

पुंजाजी गाडीवानाचे नाव आधी लिहितो, बाकीचे मागाहून. बदनेऱ्याजवळच्या खेड्यातला हा कुणबी शेत मोकळे झाले की बंडी (मालवाहू बैलगाडी) भाड्याने हाकतो. त्याच्यावर मी वाटभर चिडलो, मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोललो. पण तो नसता तर मोर्णेच्या काठावरून मी होतो तसाच माघारी आलो असतो. आता घडले ते सांगतो.

मी नगराकडचा. मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलो, मग वडील वारले आणि पाटी सुटली. अमेरिकेत लढाई जुंपली नि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा थोरल्या भावाचा हात धरून मी अमरावतीस आलो. पावसाळ्यात पटकीच्या साथीने भाऊ गेला. एका वखारीत गठ्ठ्यांवर खुणा घालण्याचे काम माझ्या वाट्याला राहिले. दिवसभर केसांत कापूस, तोंडात कापूस. मेलेल्याच्या नाकात कापसाचे बोळे घालतात ना, तसे माझ्याही नाकात आहेत, फक्त मला उचलून न्यायला कोणी आलेले नाही, असे वाटे.

फाल्गुनात एक उपदेशक बाजारात येऊन उभा राहिला. तो रिकाम्या कबरेची गोष्ट सांगत होता. शाळेत ती ऐकली होती, पण तेव्हा माझे कोणी मेले नव्हते. त्याला गाठून बाप्तिस्म्याबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, "अकोल्यास मोर्णेकाठच्या आमराईत पाद्रीसाहेबांचा तंबू आहे. पुनरुत्थानाच्या रविवारी बाप्तिस्मा देतील. पण सोमवारी ते मेळघाटच्या रानाकडे निघणार. पावसाळा सरेपर्यंत परत यायचे नाहीत." पावसाळा! मागच्या पावसाळ्याने माझे काय केले ते मला ठाऊक होते. पुढचा मी पाहीन याची हमी कोण देणार? रजा मागितली, मांजरपाटाचे नवे पांढरे धोतर आणि बंडी (अंगात घालायची) गाठोड्यात बांधली आणि मंगळवारी पहाटे पुंजाजीच्या गाडीतल्या कापसावर चढून बसलो.

तेथून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या त्या पडल्याच.

अमरावती-अकोला रस्ता म्हणजे त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांची एकच रांग. आगगाडीचे रूळ पश्चिमेकडून येता येता जिथवर आले होते तिकडे सारा वऱ्हाड निघालेला. पुढच्या गाडीची धूळ आपण खायची, आपली मागच्याने. दोन्ही बाजूंना काळी भुई भेगाळलेली, आणि तिच्या बांधांवर पळस पेटल्यासारखे फुललेले. पान एक नाही, नुसती फुले. पाहायला फार सुंदर, पण पाहायला मन ठिकाणावर पाहिजे. पुंजाजी प्रत्येक विहिरीवर थांबे, बैलांना पाणी दाखवी आणि तेथल्या माणसांशी बोलत बसे.

"पुंजाजी, असे थांबत गेलो तर पोचणार कधी?"

"पोचू ना बाप्पा. अकोला का पयून जाऊन राह्यलं?"

बुधवारी संध्याकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडे एका माळ्याच्या घरी उतरलो. हे लोक भाजीपाला नि फुले पिकवणारे, पुंजाजीच्या ओळखीचे. होळी पेटली, पुरणपोळी झाली, वर तुपाची धार. मीही पोटभर जेवलो, खोटे कशाला बोलू. सकाळी उजाडायच्या आधी गाठोडे घेऊन गाडीशी उभा राहिलो, तर बैल दाव्याला आणि पुंजाजी घोंगडीत.

"आज कर हाय," तो कूस बदलत म्हणाला. कर म्हणजे सणाचा दुसरा दिवस. त्या दिवशी हे लोक बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. "आज जुंपनं नाई."

"पण मला रविवारी तिथे असलेच पाहिजे!"

"तुया देवाले म्हन, एक रोज थांब."

"तो थांबत नाही."

"काहून? आमचा तं थांबते."

संतापाच्या भरात वाटेतली मळकी वस्त्रे धुवायला काढली आणि ती वाळेपर्यंत तेवढी नवी पांढरी नेसलो. धुळवडीच्या दिवशी. माळणीच्या सुनांनी पळसफुले उकळून हंडे भरून ठेवले होते. मी विहिरीवर पोचेपर्यंत गुडघ्यापासून टाळूपर्यंत पिवळा झालो.

"पांढरं घालून धुयवडीत कोन हिंडते वो?" म्हातारी माळीण हसून हसून खाली बसली. "याच्या मायनं याले काई सांगतलं नाई काय?"

मी विहिरीच्याच पाण्यात कपडे खसाखसा चोळले, वर धोब्याचा खार लावला. या भागातल्या विहिरींचे पाणी आधीच खारट, त्यात खार! पिवळा होता तो रंग बघता बघता गर्द भगवा झाला. वाळत घातलेले माझे धोतर एखाद्या मठाच्या निशाणासारखे फडफडू लागले.

असो, धुतलेली जुनी वस्त्रे तर आहेत, अशी मी मनाची समजूत घातली; ती बाप्तिस्म्यासाठी गाठोड्यात बांधली आणि वाटेत भगवेच नेसलो. शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, दिवसभर धूळ खाल्ली. शनिवारी वाटेतल्या बाजारात पांढरे कापड विचारले तर दुकानदार म्हणाला, "कापूस पाह्यजे तितका ने, भाऊ. कापड नाई." कापसाच्या मुलखात कापड नाही! त्याच संध्याकाळी कुरणखेडजवळ काटेपूर्णा नदीच्या वाळूत गाडीचे चाक रुतले आणि तुंबा (चाकाचा मधला लाकडी गोळा) आसावर डुगडुगू लागला. पुंजाजीने इकडे तिकडे पाहिले, माझे गाठोडे सोडले आणि जुने धोतर टरकन फाडून, तेलात भिजवून, त्या फटीत ठोकून बसवले.

"अहो, ते माझे धोतर!"

"फाटकंच होतं ना."

"आता मी बाप्तिस्म्याला काय नेसू?"

"तुयापाशी तं नवं हाय. रंगीत."

तरी चाक निघेना. रविवार तिथेच उजाडला. अकोल्यात आता गाणी चालली असतील, माणसे एकेक करून पाण्यात उतरत असतील, आणि मी वाळूत, भगवे नेसून, बैलांच्या शेपट्यांकडे पाहत बसलो होतो. रडू आले. पुंजाजी जवळ येऊन बसला, भाकरीवर ठेचा घालून माझ्या हातात दिली.

"असं काय हाय आज? सांग तं मले."

मी चिडूनच सांगितले. धड सांगितले नाही, पण सगळे सांगितले: प्रभूला कसे मारले, दगड कसा लोटला, पहाटे बाया सुगंधी द्रव्ये घेऊन गेल्या तर कबर कशी रिकामी. आणि मेलेले सगळे एक दिवस उठतील, माझा भाऊसुद्धा. तिथे मी पुन्हा रडू लागलो.

पुंजाजीने विडी पेटवली आणि म्हणाला, "मंग उठला ना तो?"

"उठला."

"मंग सोमवारी का परत निजते काय?"

यावर उत्तर द्यायला मी तिसरीपुढे शिकायला हवे होते. पुंजाजी उठून गेला, पलीकडच्या गाडीवानांना हाका मारून घेऊन आला, आणि दुपार कलताना चाक वाळूतून निघाले. त्या रात्री तो कुठेही थांबला नाही. विहिरींवर लोक हाका मारीत होते, "पुंजाजीभाऊ, बस ना!" आणि तो पुढे.

सोमवारी सकाळी मोर्णेच्या उतारावर आलो. पलीकडे जुन्या शहराच्या भिंती, अलीकडे गाड्यांची गर्दी, आणि समोरच्या काठावरून एक दमणी (माणसांना बसायची हलकी गाडी) पाण्यात उतरत होती. आत गोरे पाद्री, वर बांधलेला तंबू. मी उडी टाकून पाण्यातून धावलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते देवाला ठाऊक.

पाद्रीसाहेबांनी दाढी वाढलेला, भगवे नेसलेला, हात उंचावून येणारा माणूस पाहिला आणि अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "गोसावीबुवा, क्षमा करावी. आज वादविवाद करण्यास अवकाश नाही."

मला गोसावी समजले! मी नुसते 'नाही, नाही' ओरडत राहिलो. दमणी बाजूने निघून जाऊ लागली. तोच मागे खडखडाट झाला. पुंजाजीने आपली बंडी पाण्यात आडवी घातली, जू सोडले आणि बैल मोकळे करून धुऱ्यावर (गाडीच्या पुढच्या दांड्यावर) बसला. दमणी थांबली. मागे वीस गाड्यांतून शिव्या सुरू झाल्या.

"सायेब, हा गोसावी नाई," पुंजाजी म्हणाला. "हा तुमचा हाय. कपडे आमच्या धुयवडीनं नासवले, आन् उशीर माह्या बैलाईनं केला."

"तुम्ही यांना ओळखता?"

"अमरावतीपासून. लय कटकट्या हाय. चाकापासून चंद्रापर्यंत सगळ्याईले नावं ठेवते. पन काल मले तुमच्या देवाची गोष्ट सांगतली तं ढसाढसा रडला. खोट्या गोष्टीले मानूस असा रडत नाई."

"आपण ख्रिस्ती आहात काय?"

"मी कुनबी हाय."

"मग यांच्यासाठी का बोलता?"

"मंग कोन बोलन? अठी त्याचं कोन हाय?"

पाद्रीसाहेब खाली उतरले. बूट न काढताच पाण्यात उभे राहून त्यांनी मला प्रश्न विचारले. काहींची उत्तरे आली, काहींची नाही. शेवटी ते म्हणाले, "प्रभूचा एक शिष्यही उशिरा आला होता. त्याच्यासाठी प्रभू पुन्हा आला." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मला मोर्णेच्या पाण्याखाली नेले.

"अबे, नदीत लगीन लावून राह्यले काय?" मागून कोणी ओरडले. मी वर आलो तेव्हा पहिला शब्द तो कानी पडला. पण श्वास घेतला तो पार तळापर्यंत गेला. कित्येक महिन्यांत असा गेला नव्हता.

परतीला पुंजाजीच्याच गाडीत बसलो. नवा जन्म झाल्यावर माणूस शांत होत असेल, असे मला वाटले होते. बोरगावच्या विहिरीवर तो गप्पा मारत बसला तेव्हा मी पुन्हा कुरकुरलो. "बाप्तिस्मा घेतला ना?" तो म्हणाला, "मंग अजून काहून चिडून राह्यला?" पळसाची फुले आता गळून रस्त्यावर पडली होती, फांद्यांना तांबूस कोवळी पाने फुटत होती. भाऊ परत आला नाही, वखारीत तेच काम आहे. पण तो कायमचा गेला असे आता वाटत नाही, आणि उद्याचा दिवस पाहावासा वाटतो. आशा म्हणतात ती एवढीच असेल, तर एवढी पुरे.

पुंजाजीला मी काही देऊ शकलो नाही, त्याने मागितलेही नाही. पण कधी कोणत्या कचेरीत, नाहीतर त्या वरच्या मोठ्या दरबारात, "या माणसाचे इथे कोण आहे?" असे विचारले गेले, तर सगळ्यांच्या आधी मी उभा राहीन. तेवढे त्याचे देणे माझ्याकडे आहे, आणि ते मी एक दिवस फेडीन.