खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम

तुमच्या वडिलांना जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठता येतं का? "येत असेल" म्हणू नका. बघितलंय का, ते सांगा.

मी बघितलं नव्हतं. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, तरी युनियनच्या बैठकांना जात. बैठक म्हणजे स्टेशनजवळच्या हॉलमध्ये अंथरलेली सतरंजी. त्या दिवशी मीही होते. बैठक संपली, सगळे उठले, बाबा उठेनात. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्यातला एक प्रेमानेच म्हणाला, "काका, अगली बार आपके लिए कुर्सी लगवा देंगे."

आमच्या घरात खुर्ची ही शिवी आहे. मी अक्षरं शिकले ती बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर, आणि जवळपास प्रत्येक पत्रकात कुणीतरी खुर्चीला चिकटलेलं असायचं. पुढच्या बैठकीला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. "पाय दुखून राहिले," एवढंच.

मी ऑफिसनंतर जिमला जाते. त्यांनाही घेऊन गेले. तिथल्या ट्रेनरने त्यांच्या हातात खेळण्यासारखे गुलाबी डंबेल दिले. "अंकल, बस हिलाते रहिए. इस उमर में मसल थोड़ी बनेगी." मी भांडले. भांडण मला येतं. पण परतताना वाटलं, त्याचं म्हणणं खरं असलं तर?

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, समता कॉलोनीत, एक मराठी फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांना विचारलं. "बनते, पण उशिरा आणि कमी," त्या म्हणाल्या. "तरुण स्नायूला थोडा भार दिला, थोडं खाल्लं, की तो वाढायला लागतो. वय झालं की तेवढ्याने तो हलत नाही. जरा जास्त भार लागतो, ताटात प्रथिनं जास्त लागतात, मधे विश्रांती लागते, आणि पुन्हापुन्हा सांगावं लागतं. ताकद आधी येते. आकार दिसेलच असं नाही."

बाबा बऱ्याच दिवसांनी हसले. "म्हंजे मॅनेजमेंटसारखंच. एका निवेदनानं हालत नाही."

"हव काका. आता त्या खुर्चीवर बसा."

पहिला व्यायाम तोच होता. बसायचं, हात छातीशी धरायचे आणि उठायचं. "जिंदगीभर दुसऱ्यांले खुर्चीवरून उठवलं," ते पुटपुटले, "आता माहीच पाळी."

"उठा तर मग," बाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. दिवसाआड खुर्ची. मग छातीशी तांदळाची पिशवी धरून खुर्ची. मग बुटकं स्टूल. सकाळी अंडी किंवा भिजवलेले चणे, जेवताना वरणाची आणखी एक वाटी, आणि मग "पोट फुटून राहिलं" ही तक्रार. त्याच काळात मी जिममध्ये वजनं उचलत होते, आणि माझे दंड भरले. बाबांनी एकदा माझ्या कुर्त्याकडे बघितलं. "तुही बाही फाटून राहिली पोट्टी, माही लोंबून राहिली. हा कोणता न्याय?"

न्यायावर मी लेखांची पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या सकाळी मी भिजवलेल्या चण्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

मग त्यांना ताप आला. काही दिवस अंथरुणात गेले, आणि स्टुलावरून उठणारे बाबा परत खुर्चीवर आले. माझ्या वयाला ते लवकर भरून निघालं असतं. त्यांना किती लागेल, बाईही सांगू शकल्या नाहीत. खुर्ची भिंतीला टेकवून मी नुसती उभी राहिले. खरं सांगते, त्यांनी आज नको म्हणावं असंच मला वाटत होतं. ते आले आणि बसले. "मोज," म्हणाले.

खुर्चीपासून स्टुलापर्यंत, मग जमिनीपर्यंत, सगळं पुन्हा झालं. दंड त्यांचे भरलेच नाहीत. सदरा अजून लोंबतो. पण गेल्या बैठकीला ते गेले, सतरंजीवर बसले, आणि संपल्यावर एक पाय पुढे रोवून, गुडघ्यावर तळवा दाबून उठायला लागले. वेळ लागत होता. आजूबाजूचे धावले. मी ओरडलेच, "हात लावू नका!" धावलेले जागीच थांबले. बाबा उभे राहिले, धापा टाकत. "काहून ओरडून राहिली? मीटिंग संपली ना."

मी दमले आहे. हे संपणारंही नाही. सोडलं की कमावलेलं जातं. तरी एक मागणी करते. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी आपण काढून घेतो, बादली काढून घेतो, आणि याला मान देणं म्हणतो. डॉक्टरला विचारा, आणि मग तुमच्या वडिलांना झेपेल तेवढं त्यांना उचलू द्या. ते उठत असतील तेव्हा जवळ उभे राहा, हात मागे बांधून.