मामांनी केलेलं मेंढीचं बाळंतपण

पौष महिना, साल चौऱ्याहत्तर. जागा कडेगावजवळच्या आमच्या मळ्यातला गोठा. हजर: मी, सासूबाई, सासूबाईंचे थोरले भाऊ म्हणजे माझे मामासासरे, एक मेंढी आणि तिचं नुकतंच जन्मलेलं कोकरू. मालक फौजेत, म्हणून गैरहजर.

बाळंतपणाचा मामांएवढा सोस असलेला पुरुष साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. मामाही फौजेतूनच निवृत्त झालेले. आवाज असा, की त्यांच्या गावी, मेढ्याच्या डोंगरात, त्यांनी हाक मारली तर समोरच्या वाडीतली कुत्री उठून उभी राहावीत. पण नात्यात कुठे पाळणा हलणार असं कानावर आलं, की हा माणूस काळी पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.त बसलाच म्हणून समजा. बोलावणं यायची वाट बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. ट्रंकेत ओवा, बाळंतशोपा, डिंक, वेखंड, अळीव आणि स्वतः शिवलेली टोपडी. वाऱ्याशी तर त्यांचं उभं वैर. एकदा भर चैत्रात एस.टी.त पुढच्या बाकावर तान्हं मूल दिसलं म्हणून त्यांनी गाडीच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. माणसं घामानं निथळायला लागली. शेवटी ती आईच म्हणाली, "आवं बाबा, दात आल्यात त्येला. वाईच हवा लागू द्या की!" मामांनी एक खिडकी उघडली, तीही अर्धीच.

हसतात सगळे त्यांना. मीही हसते, पण हसण्याआधी मनातल्या मनात हात जोडते. माझी आई मी लहान असतानाच गेली. माझ्या थोरल्याच्या वेळी माहेरी जाऊन करून घ्यावं असं कुणी नव्हतं, सासूबाईंचा हात मोडलेला, मालक सरहद्दीवर. मामा न बोलावता आले आणि सव्वा महिना राहिले. पुरुषमाणूस म्हणून बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेर पाठ करून बसायचे, शेगडी फुलवून आत सरकवायचे, डिंकाचे लाडू वळायचे आणि भिंतीकडे तोंड करून गरजायचे, "सूनबाई, लाडू संपला का न्हाई? रिपोर्ट दे!" आईनं केलं असतं तर आणखी काय केलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तर ती मेंढी. तिची वेळ जवळ आल्याचं सासूबाईंनी सहज कुणाजवळ तरी बोलून दाखवलं होतं. ते मेढ्यापर्यंत कसं पोचलं देव जाणे, पण मामा ट्रंकेसह दारात. मेंढी व्याली त्या सकाळी मी दूध घालायला गेले होते. परत आले तर चुलीवर हंडा, गोठ्याला पोत्यांचे पडदे, मेंढीच्या कानांना मफलर, आणि मामांच्या पायांवर कोकरू पालथं! डाळीचं पीठ लावून, ऊन पाण्यानं न्हाऊ घालून, वेखंड चोळून झालं होतं. टोपड्याचे बंद बांधणं चाललं होतं.

"मामा, आवं मेंढीनं चाटलं का त्येला?"

"चाटत हुती. मीच म्हनलं, दमलीया बिचारी, ऱ्हाऊ दे. म्या हाय की."

माझ्या माहेरी शेजारी मेंढरांचा वाडा होता, त्यामुळे मला माहीत होतं: मेंढी पिलाला वासानं ओळखते, आणि तो वास मामांनी पिठानं धुऊन काढला होता. कोकरू तिच्यापुढे ठेवलं. तिनं हुंगलं, पाय आपटला आणि ढुशी देऊन लांब उडवलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी.

"आगं, तुजंच हाय ते!" मामा तिला समजावू लागले. "अपना बच्चा हाय, नीट देख!"

मला घाबरण्यापेक्षा काम लावून घेणं जमतं. आधी टोपडं काढलं. मग सासूबाईंनी मेंढी धरली, मी वाटीत चीक पिळला आणि कापसाच्या बोळ्यानं कोकराच्या तोंडात सोडला. दोन घोट गेले, बाकीचा ओघळला. मान टाकायला लागलं होतं ते. असा बोळ्यावर जीव किती वेळ धरणार? आईनं जवळ घ्यायला हवं होतं.

"वार पडली का?" मी विचारलं. "कुठं हाय?"

"गाडग्यात घालून पुरली की. हळदकुंकू वाहून. त्यो दगड ठेवलाय बग."

"उकरून आणा. त्येचा वास आता तिच्यातच ऱ्हायलाय."

मामांचा चेहरा उतरला. "पुरलेली वार कोन उकरतंय व्हय, पोरी? लेकराला बाधतं ते!"

"आन् न उकरली तर लेकरू ऱ्हातंय का, आण्णा?" सासूबाई कडाडल्या. "न्हाऊ घालताना इचारलंस व्हय कुनाला? जा!"

मामा गेले. दगडाला हात लावून नमस्कार केला, काहीतरी पुटपुटले आणि स्वतःच्या हातानं माती उकरली. ते लांब होते तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, "वयनी पयल्या बाळतपनात गेली. ह्यो तवा फौजंत. पोचलाच न्हाई. तवापास्नं सगळ्यांच्या दारात आदीच हजर असतोय." इतकी वर्षं मी हे ऐकलं नव्हतं.

गाडग्यातल्या वारेनं कोकराचं अंग, पाठ, शेपूट पुसून काढलं, वर थोडा चीक चोळला आणि मेंढीपुढे ठेवलं. तिनं हुंगलं. पाय उचलला. मामांनी डोळे मिटून घेतले. मग तिनं पाय खाली ठेवला, घशातल्या घशात घुर्र केलं आणि शेपटाकडून चाटायला लागली. बऱ्याच वेळानं कोकरू धडपडत उठलं, सड सापडला, आणि शेपूट नुसतं भिरभिर फिरू लागलं.

"मामा, बघा."

त्यांनी डोळे उघडले, बघितलं आणि नाक शिंकरत म्हणाले, "मफलर कुटं गेला गं?" तो मेंढीनं अर्धा खाल्ला होता.

पुढे पाचवी पुजली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, पण त्याच्या आधीच कुंडलच्या भाचीचे दिवस भरत आल्याचं कळलं आणि मामांनी ट्रंक उचलली. जाताना बजावलं, "नाव मी आल्याबिगर ठिवायचं न्हाई."

भाचीमागून पुतणी, पुतणीमागून कुणाची सून, आणि त्यानंतर मामांचे गुडघे. आता ते मेढ्याला ओसरीवर बाजेवर असतात. ऊस तुटला की मी दरवर्षी भेटून येते, लाडू मी वळून नेते. डोळ्यांवर हात धरून बघतात आणि पहिलं विचारतात, "बाळतीन बरी हाय न्हवं?" त्या कोकराची आता नातवंडं गोठ्यात उड्या मारतात. मामांना एस.टी.चे धक्के सोसत नाहीत, आणि मेंढीला कंडक्टर चढू देत नाही. एखादी बैलगाडी बघायला हवी. बारसं अजून राहिलंय.