फोटोत माझं कोपर आहे

यशवंत खैरनार गेल्याचं मला फोनवर कळलं, पण पटलं ते दुसऱ्या दिवशी, कोर्टाच्या फाटकाशी लावलेला फलक पाहून. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली हसरा यशवंत, गळ्यातला पांढरा बँड सैल केलेला. रिक्षावाला सुटे पैसे परत देत होता, ते घ्यायला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. फोटो ओळखीचा होता. एरवी कुठल्याही फोटोत हा माणूस पासपोर्टच्या फोटोसारखा चेहरा करून उभा राहायचा. इथं तो एवढा का हसतोय हे मला पक्कं माहीत होतं, कारण मी त्याच्या शेजारीच बसलो होतो... फलक करणाऱ्यानं मला कापलं होतं, पण पुरतं कापता आलं नव्हतं. डाव्या कडेला काळ्या बाहीतलं एक कोपर उरलं होतं. येणारेजाणारे वकील थांबत होते, हात जोडत होते, पुढे जात होते. त्या कोपराकडे कोणाचं लक्ष जायचं काही कारण नव्हतं. माझं मात्र तेव्हापासून, म्हणजे गेले दीड-दोन महिने, दुसरीकडे लक्षच लागलेलं नाही.

मी आणि यशवंत, दोघंही बांधकामाच्या भांडणांचे वकील. वकील म्हटलं की लोकांना फौजदारी आठवते, नाहीतर घटस्फोट. पण नाशकात मळ्यांवर इमारती चढत गेल्या तसा आमचाही एक छोटासा धंदा उभा राहिला. गळकी गच्ची, तडा गेलेला पिलर, कागदावर दाखवलेलं आणि जागेवर न सापडणारं पार्किंग, अर्धवट सोडून गेलेला ठेकेदार... हे आमचं रोजचं खाणं. अशा कामाच्या कचेऱ्या शहरात मोजक्या, त्यामुळे या बाजूला मी तर त्या बाजूला यशवंत, हे ठरल्यासारखंच होतं. आम्ही दोघंही एकाच सीनियरांच्या हाताखाली तयार झालो. सरांनी काम थांबवल्यावर आपोआप वाटणी झाली. बिल्डर माझ्याकडे आले, फ्लॅटधारक त्याच्याकडे गेले. माझं ऑफिस वातानुकूलित झालं. त्याच्याकडे पंख्याखाली बाकड्यावर सोसायटीचं अख्खं कार्यकारी मंडळ बसलेलं असायचं आणि सगळे एकदम बोलत असायचे.

सरांकडून आम्ही एक सवय मात्र उचलली. दुपारी दोघांनी एकत्र जेवायचं, आणि डबा उघडला की फाइल मिटायची. जेवताना खटल्याचा शब्द काढायचा नाही. माझी बायको शाळेत शिक्षिका, सकाळी सातला घराबाहेर. मी सुरुवातीला कँटीनचा वडापाव खायचो. यशवंतानं हे घरी सांगितलं असणार, कारण एके दिवशी त्याच्या डब्याला तिसरा पुडा लागला. “हा तुझा,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून शैलावहिनींनी मला जेवू घातलं. बागलाणातलं माणूस ते. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचं भरीत, कधी शेवेची भाजी. बार रूममधल्या खिडकीजवळच्या बाकावर बसून तो डब्याची कडी काढायचा आणि स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणायचा, “आज काय शे?” बागलाणातली बोली त्याच्या तोंडी फक्त डब्यापुढं आणि बायकोच्या फोनवर यायची. न्यायाधीशांपुढं तो माझ्याहून शुद्ध बोलायचा.

त्याला जागेवर गेल्याशिवाय केस कळतच नसे. मी ऑफिसात बसून नकाशे पाहायचो, हा जिने चढायचा. एकदा माझ्या एका अशिलाच्या नव्या इमारतीची पाहणी होती. कोर्टानं नेमलेल्या आयुक्तांसमोर मी बाथरूमच्या फरशीची तारीफ करत होतो. यशवंतानं मालकिणीकडून बादलीभर पाणी मागून घेतलं, शांतपणे फरशीवर ओतलं आणि म्हणाला, “बघू, कुठं जातंय.” पाणी जाळीकडे गेलंच नाही. उंबरा ओलांडून सरळ हॉलमध्ये आलं, माझ्या बुटांपाशी. सगळे हसले, मीही हसलो, आणि दुपारी डब्यावर तो माझ्या ओल्या मोज्यांकडे बघून एक अक्षर बोलला नाही, कारण डबा उघडा होता. असा सरळ माणूस. मला त्याचा मनातून हेवा वाटायचा आणि तो मी थट्टेत उडवून द्यायचो.

मग ती सोसायटी आली. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. लोक सामानसुमान घेऊन भाड्याच्या घरांत गेले आणि काम तिसऱ्या स्लॅबवर थांबलं. बिल्डर माझा, सोसायटी यशवंताची. सेक्रेटरी होत्या देवरेबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. यशवंत त्यांना घेऊन त्या सांगाड्यात सगळीकडे फिरला, जुना मंजूर नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवून बसला आणि माझ्या अशिलानं घरं लहान करून मधल्यामधे विकायचे जादा फ्लॅट कसे वाढवले होते ते त्यानं नेमकं धरलं. त्याचा अर्ज मी दोनदा वाचला. ही केस आपण हरणार, हे मला माहीत होतं आणि माझ्या अशिलालाही मी तसं सांगितलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी तो फोटो निघाला. बार रूममध्ये आम्ही जेवत होतो. मी भरितातली अख्खी मिरची चावली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि यशवंत पोट धरून हसत होता. एवढंच त्या फोटोत आहे. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला, खाली एकच ओळ : ‘आपले वकील, त्यांचे वकील.’ बांधकामाच्या वकिलांत ही रीत आहे, कोर्टात भांडणारे जेवायला एकत्र बसतात, हे भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्या माणसाला कुठून माहीत असणार? त्यांनी जे पाहिलं त्याचा त्यांनी लावायचा तोच अर्थ लावला. त्यांना मी दोष देत नाही. फोटो कोणी काढला आणि कोणी पाठवला हे मला त्याच रात्री कळलं. कसं कळलं हे सांगायला वकिलीचा नियम आडवा येतो, पण वाचक सुज्ञ आहेत. सांगणारा फोनवर हसत होता... आणि मीही थोडा हसलो, एवढं मात्र मला लिहिलंच पाहिजे.

आठवडाभरात सोसायटीनं वकील बदलला. अशा वेळी जुन्या वकिलानं ‘हरकत नाही’ असं लिहून सही द्यायची असते. यशवंतानं ती दिली. वाद नाही, खुलासा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बार रूमकडे जाताना पाय ओढत होतो, तर तो नेहमीच्या बाकावर डबा उघडून बसलेला. तिसरा पुडा माझ्या जागेपुढं ठेवलेला. आमचा नियम त्यानं त्या दिवशी एकदाच मोडला.

“ती फाइल मी सोडून दिली,” म्हणाला. “गुडघे दुखतात रे. साइटचे जिने आता होत नाहीत.”

“बरं केलंस,” मी म्हणालो. “किती दिवस चढणार?”

त्याच आठवड्यात हा माणूस इंदिरानगरच्या एका इमारतीचे पाच मजले चढून पाण्याची टाकी बघून आला होता, हे मला माहीत होतं. तो खोटं बोलतोय हे मला दिसत होतं, आणि मी ते खरं मानल्याचं दाखवत होतो. माझ्या बाजूनं मी स्वतःला समजावलं की अशिलाचं हित बघणं हे माझं काम. तेव्हा ते पटलंही. आज लिहिताना हे वाक्य तोंडात खडा आल्यासारखं लागतं. मी तेव्हाच उठून देवरेबाईंकडे जाऊ शकलो असतो. निदान यशवंताला तरी म्हणू शकलो असतो की मला माहीत आहे. मी भाकरी संपवली.

नवे वकील भले होते, पण या कामातले नव्हते. यशवंतानं अर्जात धरलेली नकाशातली ती गोम त्यांना कोर्टापुढं उलगडता आली नाही. शेवटी तडजोड झाली, तिचा मसुदा मी केला, आणि चांगला केला. लोकांना घरं मिळाली, लांबत लांबत आणि आधीपेक्षा लहान. देवरेबाईंचे यजमान भाड्याच्या घरातच वारले. यशवंताकडे पुढं सोसायट्यांची कामं येणं कमी झालं. शहर लहान, बोलणं फिरतं. ‘तो दोन्हीकडून असतो’ असं त्याच्याबद्दल द्वारका चौकातल्या एका टपरीवर माझ्या कानांनी मी ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवून निघून आलो. अशा वेळी मी दरवेळी निघूनच आलो.

वकील संघानं शोकसभा घेतली. मला बोलायला लावलं, जवळचा मित्र म्हणून. मी बादलीभर पाण्याची गोष्ट सांगितली, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. निर्भीड, निःस्पृह, अभ्यासू... सगळे शब्द मी वापरले. सभा संपल्यावर मागच्या रांगेतून देवरेबाई पुढं आल्या. बऱ्याच थकल्या होत्या, हातात काठी. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “साहेब, आता ते गेलेत, म्हणून विचारते. ते तुम्हाला मिळालेले होते का हो?”

एका शब्दाचं उत्तर होतं. आजूबाजूला चार वकील होते, आणि पलीकडे माझा तो अशील, फुलांचा हार ठेवून, माझ्यासाठीच थांबलेला. मी म्हणालो, “ताई, आज हा विषय नको.” बाईंनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं. मला कळलं की ते चुकीचं मिळालं आहे, आणि तरी मी त्यांना फाटकापर्यंत जाताना नुसता बघत राहिलो. तीन वर्षांपूर्वी गप्प बसलो तेव्हा निदान यशवंत स्वतः बोलायला होता. या वेळी तोही नव्हता.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना भेटायला पंचवटीत गेलो. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, भांडीकुंडी बांधायला काढली होती. बोलता बोलता मी मुलाला विचारलं, तो फलकावरचा फोटो कुठं मिळाला. बाबांच्या फोनमध्ये होता, तो म्हणाला, बाबांचा हसरा असा तेवढा एकच सापडला. कापल्याबद्दल बिचाऱ्यानं माझी माफी मागितली. माफी, माझी... मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, “भाऊ, तो फोटो तुम्हाला दाखवायचा नव्हता. त्यांनी मला बजावून ठेवलेलं.”

मी विचारलं, का.

“म्हणले, त्याला कळलं की आपल्यामुळं माझं काम गेलं, तर तो डब्याला यायचा नाही. मग दुपारचा उपाशी राहील.” बाहेर येऊन पातेलं बांधायला बसत त्या म्हणाल्या, “तुम्हाला काहीच माहीत नव्हतं ना, भाऊ?”

दोन स्त्रियांनी मला एकाच महिन्यात सरळ प्रश्न विचारले होते. या वेळी मी म्हणालो, “होतं वहिनी. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” वहिनींनी हातातलं पातेलं कागदात गुंडाळलं, दोरी बांधली, मग उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं पाणी आलं ते मुलाच्या हातून. मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत, आणि त्यांनी यावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नव्हता.

देवरेबाई हे रविवारचं पान वाचतात हे मला माहीत आहे, शोकसभेचं कळलं ते इथूनच असं त्या म्हणाल्या होत्या. बाई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, नाही. यशवंत खैरनार कधीच कोणाला मिळालेला नव्हता. तुमच्या केसबद्दल त्या बाकावर एक शब्द कधी निघाला नाही. तुम्ही त्याच्यावर ठेवलेला विश्वास बरोबर होता आणि तो ज्यानं मोडू दिला तो मी. माझ्या त्या अशिलाची कागदपत्रं मी परवा परत केली. ही काही मोठी गोष्ट नाही, फार उशिरा केलेली आहे.

मी अजून दुपारी त्या बाकावर जातो. आता कँटीनमधून काहीतरी आणतो, निम्मं तसंच राहतं. कोर्टाच्या फाटकावरचा फलक उतरवला, तिथं आता कोणाच्या तरी निवडीबद्दल अभिनंदन लागलं आहे. यशवंताच्या मुलाकडून मी तो फोटो पूर्ण मागवून घेतला आणि या लेखासोबत तो जसाच्या तसा छापावा, कुठंही कापू नये, अशी संपादकांना विनंती केली आहे. उजवीकडे हसतोय तो यशवंत. त्याच्या पुढ्यातली भाकरी अजून अर्धी आहे, हसण्याच्या नादात खायची राहिलेली. डावीकडे डोळे पुसतोय तो मी, आणि माझ्यापुढचा तिसरा पुडा रिकामा आहे.