लॅपटॉपवर शिंपडलेलं नारळाचं पाणी

शिरूरजवळच्या एका डेअरीत मी मशिनांचे प्रोग्राम सांभाळतो. दूध तापवणाऱ्या मशिनचा प्रोग्राम एका जुन्या लॅपटॉपवरूनच भरता यायचा. खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली तेव्हा आप्पांनी त्यालाही हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. ते थेट बटणांत गेलं आणि लॅपटॉप बंद पडला.

"म्हंजी काय, ते बी मशिनच की!" आप्पा म्हणाले.

आप्पा आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, वर्षभरात निवृत्त होणारे. माझ्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. डिग्री घेऊन दारोदार फिरत होतो, तेव्हा मला इथं चिकटवलं ते आप्पांनीच. म्हणून मॅनेजरांनी विचारल्यावर मी म्हणालो, "माझ्या हातून सांडलं, साहेब."

"मग नव्या लॅपटॉपवर चालवून दाखव आणि खुशाल जा. मशिनच्या आतली बॅटरी संपली तर प्रोग्राम पुसला जाईल. तेव्हा कोण भरणार?"

मला जायचं होतं दौंडला. ज्या कॉलेजात शिकलो तिथंच लॅबमध्ये शिकवायची जागा मिळाली होती. महिनाअखेर हजर व्हायचं होतं, डेअरीचं रिलीव्हिंग लेटर घेऊन.

जुन्या लॅपटॉपची डिस्क वाचली होती. प्रोग्राम नव्यावर आणला, पण उघडला की लगेच बंद. कारण कळायला चार दिवस गेले. सुरू होताना तो प्रोग्राम मोजतो, की एवढ्याशा वेळात कॉम्प्युटर किती फेऱ्या मारतो. मशिनच्या उत्तरासाठी किती थांबायचं, ते त्यावरून ठरतं. नव्या लॅपटॉपचा आकडा इतका मोठा यायचा, की प्रोग्राममध्ये त्याला जागाच नव्हती.

"एवढा नवा घेतला, आन् ह्याला जुनं काम येत न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"लई जोरात पळतो, आप्पा."

"मग हळू पळ म्हणावं की त्याला!"

आप्पा हसत होते, पण मी तेच केलं. वेग रोखणारं एक सॉफ्टवेअर घातलं आणि प्रोग्रामचा जुना निळा पडदा उघडला. आप्पांनी टाळी वाजवली. मी मशिनची वायर जोडली, आणि मशिनकडून उत्तरच येईना. जुना प्रोग्राम वायरशी स्वतः बोलायचा. नव्या लॅपटॉपला तसली वायर बसतच नाही; मध्ये एक जोडणी लावावी लागते, आणि तिथं निरोपाला किंचित उशीर होतो. तेवढा उशीर प्रोग्रामला चालत नव्हता. मग पुण्याच्या जुन्या बाजारातून तसाच एक जुना लॅपटॉप आणला, तो तर सुरूच झाला नाही.

शेवटच्या दिवशी कॉलेजातून सरांचा फोन आला. "अरे, जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

"हो सर," म्हणालो.

आप्पा शेजारीच उभे होते. "मी सांगू का सायबाला? पाणी माझं व्हतं."

"सांगून प्रोग्राम चालणार आहे का, आप्पा?"

मशिन नेहमीसारखं चालू होतं. मी वायर काढली, दुसऱ्या भोकात घातली आणि पुन्हा उत्तराची वाट बघत बसलो.