तोंड लावून प्यायलेलं पाणी

अन्यायाच्या खऱ्या गोष्टींवरचे सिनेमे बघून डोकं जड होतं, असं आमच्या घरचे म्हणतात. मला मात्र असा सिनेमा बघून आलं की कडकडून भूक लागते. परवाच्या सिनेमात गावानं ज्या बायकांना विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता, त्यांनीच शेवटी तिथं घागरी भरल्या. अख्खं थिएटर शिट्ट्या मारत होतं. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी मावशींना रडून रडून उचकी लागली. मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. वरून प्यायच्या सवयीनं त्यांनी ती उंच धरली, पडद्याकडे बघितलं आणि हसून सरळ तोंड लावून प्यायल्या.

"आता तुम्ही प्या," त्या म्हणाल्या.

मी बाटली न पुसता तोंडाला लावली, तशी मावशींनीच शिट्टी मारली.