गरम जॉब

वाळूजच्या कारखान्यात मी लेथवर होतो आणि माझा एक दोस्त तपासणीच्या टेबलावर बसायचा. लेथवरून उतरलेला जॉब, म्हणजे कातलेला लोखंडी भाग, मी लगेच मोजायला घेतला की ओरडायचा, "गरम हाय, माप खोटं येईल! थंड होऊ दे!" आणि स्वतःच खो-खो हसायचा.

एकदा परगावी एका अनोळखी बाईसोबत रात्र काढून आला, तीही निरोधाशिवाय. दुसऱ्याच दिवशी एड्सची तपासणी करायला सरकारी दवाखान्यात पळाला. परतला तो पोट धरून हसत. "डॉक्टर म्हणले, इतक्यात रक्तात काय दिसत नाय, तीन महिन्यांनी या. च्यायला, मीच गरम जॉब मोजाया गेल्तो!"

हसला खरा, पण बायकोला पिशोर गावाहून आणायचं मात्र लांबवत राहिला.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. निकालाच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद. गडी सायकल हाणत दवाखान्यात गेला आणि परतताना घंटी बडवतच कारखान्याच्या गेटात शिरला. रक्तात काहीच निघालं नव्हतं. मिठाईची दुकानं बंद, म्हणून कँटीनची साखर मूठमूठ वाटत सुटला.

म्हातारे वॉचमन म्हणाले, "पोरगं झालं काय रं?"

त्यांच्या तोंडात साखर कोंबत तो म्हणाला, "नाय मामा, मीच झालो!"