सगळ्यांचा एकच जबाब

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

नसरापूर भागात फौजदार म्हणून माझी नेमणूक होती. सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यात एका बाईचा फोन आला. "साहेब, हायवेवरच्या दवाखान्यात आत्ता जी बाई वारली, ती हार्टअटॅकनं न्हाई. चुकीचं इंजेक्शन गेलंय. मयत गावाला न्यायच्या आत या." नाव न सांगताच तिनं फोन ठेवला.

हवालदाराला घेऊन पोचलो, तेव्हा मृतदेह ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. बाई गुंजवण्याकडची, तापासाठी दाखल झालेली. पोस्टमॉर्टेम करावं लागेल, असं मी तिच्या नवऱ्याला सांगितलं. त्यानं ॲम्ब्युलन्सवाल्याला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "करा. पर खरं काय ते मला सांगा." अकस्मात मृत्यूची नोंद करून मृतदेह भोरच्या सरकारी रुग्णालयात पाठवला.

मग जबाब घेतले. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, सगळे एकच वाक्य बोलत होते. "पेशंटला अचानक घाम आला आणि हृदय बंद पडलं." खरं बोलणाऱ्यांचे शब्द इतके जुळत नाहीत. मी एकेकाला वेगळं बसवलं. महिला पोलिसासमोर तरुण नर्सला विचारलं, "घाम आला तेव्हा तू कुठं उभी होतीस?"

"उशाशी. इंजेक्शन मीच दिलं, साहेब. फोनबी मीच केला."

दोन औषधांच्या बाटल्या सारख्या दिसायच्या आणि एकाच ट्रेमध्ये असायच्या. "वेगळ्या ठेवा म्हणून आमी लई वेळा सांगितलं हुतं," ती म्हणाली. चूक कळताच तिनं डॉक्टरांना सांगितलं. बाई गेल्यावर दवाखान्याच्या मालकांनी सगळ्यांना काय बोलायचं ते पढवलं.

"गुन्हा तुझ्यावरही येईल, कळतंय ना?"

"व्हय. पण त्या बाईच्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघवंना."

तिनं दाखवलेल्या कचऱ्याच्या पिशवीतून रिकामी बाटली पंचांसमक्ष जप्त केली. सरकारी डॉक्टरांच्या समितीनंही चुकीच्या औषधाचाच अभिप्राय दिला. मालक मला म्हणाले, "एका चुकीपायी दवाखाना बंद पडला, तर आसपासच्या गावांनी जायचं कुठं?" प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच भीतीनं त्यांनी बाटल्यांबद्दलच्या आधीच्या तक्रारी दाबल्या होत्या, आणि बाईचा जीव त्यातच गेला होता.

गुन्हा मालक, डॉक्टर आणि नर्स तिघांवर दाखल झाला. माणसाच्या हातून चूक होते, हे मी नोकरीभर पाहिलं. ती झाकायची असं संस्थेनं ठरवलं, की तिथला प्रत्येक माणूस आरोपीसारखा वागू लागतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं.

कोर्टात साक्ष संपल्यावर त्या बाईचा नवरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरेना. न्यायाधीशांनी कारण विचारलं. नर्सकडे हात करून तो म्हणाला, "साहेब, खरं सांगणारी ही एकटीच हाय. एवढं लिहून घ्या."